चौकट तीच आहे

तिने बॅगेवर गुडघा टेकवला आणि अंगातला सगळा भार टाकला. बॅग तसूभरही हलली नाही. लोखंडी चौकटीत ती अर्धी आत, अर्धी बाहेर अशी रुतून बसली होती. दारात अडकलेल्या लठ्ठ पाहुण्यासारखी. त्याला पुढे येववत नाही आणि मागे जायची लाज वाटते.

"अजून एकदा ढकला ना, ताई," बॅगेची मालकीण म्हणाली. ही नर्स होती. दर सोमवारी विमानाने समुद्रापलीकडच्या इस्पितळात कामाला जायची आणि शुक्रवारी परत यायची. "दर वेळी नुसतं बोट लावलं तरी जाते. आजच काय धाड भरली हिला?"

"आज जात नाहीये."

"अहो, तुमच्या बाबांच्याच हातची आहे!"

हे मागच्या रांगेत नीट ऐकू गेलं. चौकटीपाशी उभ्या असलेल्या बाईने मान वर केली नाही. विमानतळावर सगळे तिला चौकटवाली म्हणत. हातातली बॅग चौकटीत बसली तर तुम्ही विमानात. नाही बसली तर आधी दंड, मग विमान. हे बघायचं तिचं काम होतं.

कालपर्यंत इथे पोपडे उडालेली निळी चौकट होती. आज सकाळी त्याच जागी झगझगीत पिवळी चौकट उभी होती. सकाळीच मिनिटसाहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, "रंग बदललाय. कुणी विचारलं तर, चौकट तीच आहे." साहेब वयाने तिच्याहून लहान. विमान मिनिटभर उशिरा सुटलं तर त्यांच्या पोटात कळ येते अशी ख्याती होती, म्हणून हे नाव.

तिने बॅग उपसून बाहेर काढली आणि आत काही अडकलंय का बघावं तसा रिकाम्या चौकटीत हात घातला. चार वर्षं रोज पाहिलेली रुंदी होती ती. दोन बोटं कमी भरली.

"दंड भरावा लागेल," ती नर्सला म्हणाली.

विमान कंपनीचं खरं नाव भारदस्त होतं, पण लोक तिला चिल्लर म्हणत. चिल्लरच्या कथा तरी किती! म्हणे एकाने खिडकीजवळची जागा घेतली, तर बाहेर बघण्याचे वेगळे पडले. म्हणे एकाला शिंक येऊ घातली, तर हवाई सेविकेने आधी दर सांगितला आणि मग रुमाल दिला. एका बाईने सामानाचे पैसे वाचवायला तीन स्वेटर, दोन कोट आणि वर नवऱ्याची पँट चढवली. तिला खुर्चीत बसवायला चौघे लागले आणि उठवायला आगीचा बंब. यातलं निम्मं खोटं होतं. पण कुठलं निम्मं, हे चिल्लरमध्ये पगार घेणाऱ्यांनाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

आणि तरी, शिव्या देणारा प्रत्येक जण पुढचं तिकीट काढायला चिल्लरकडेच यायचा. का नाही येणार? चिल्लर येण्याआधी त्या गावाने विमान पाहिलं होतं ते मान वर करून. आता गवंडी उडत होते, नर्सा उडत होत्या, फीपायी उपाशी राहणारी कॉलेजची पोरं उडत होती. नातवाला फोनवरच मोठं होताना बघितलेल्या आज्या त्याला मांडीवर घ्यायला उडत होत्या. विमान उतरायचं, माणसं ओकायचं, हवाई सेविकाच हातात झाडू घेऊन आतला केर काढायच्या, आणि हातातला चहा निवायच्या आत ते पुन्हा आकाशात. एकदा दार लागलं की राजा आला तरी उघडत नसे. राजा चिल्लरने कशाला येईल, ही गोष्ट वेगळी.

तर तिकीट मातीमोल होतं. कंपनीचं पोट चौकटीवर भरत होतं. आणि अडलेल्या बॅगेमागे अडवणाऱ्यालाही पगारात थोडा वाटा मिळे. शितं पडली की भुतं जमतातच.

*

चौकटवालीचा बाप बॅगा शिवायचा. कारखान्यातल्या चाकांच्या बॅगा आल्या आणि त्याच्या हातात उरल्या फक्त तुटलेल्या चेनी आणि उखडलेल्या मुठी. दुकान म्हणजे दोऱ्याचा आणि चहाचा खर्च निघेल एवढंच. घर पोरीच्या पगारावर चालायचं. तिला चिल्लरमध्ये नोकरी लागली त्या दिवशी त्याने पेढा मागावा तसं हक्काने मागितलं,

"त्या चौकटीचं माप आण."

"तिकिटावर छापलंय की, बाबा."

"छापलेलं माप छापणाऱ्याचं. मला लोखंडाचं आण."

तिने सुतळीला गाठी मारून माप आणलं. त्याबरहुकूम त्याने लाकडाचा खोका ठोकला, दुकानाच्या मधोमध ठेवला, आणि प्रत्येक नवी बॅग गिऱ्हाइकासमोर त्यात सोडून दाखवू लागला. बॅग हळूच आत उतरायची आणि तळाशी टेकताना हवेचा एक सुस्कारा सोडायची. तो आवाज ऐकून म्हातारा गिऱ्हाइकाकडे असा बघायचा, जणू आत्ताच तान घेतली. "चौकटीत अडली, तर आणून माझ्या तोंडावर मारा," एवढीच त्याची हमी. चार वर्षांत कुणी मारली नव्हती. चिल्लरच्या रांगेत आता दर तिसऱ्या हातात त्याची बॅग असे. मरायला टेकलेलं दुकान उठून बसलं होतं, आणि त्याच्याबरोबर म्हाताराही.

पिवळी चौकट आली त्या सोमवारी पाळी संपल्यावर मिनिटसाहेबांनी तिला बाजूला घेतलं.

"तुझे वडील बॅगा शिवतात ना?"

"हो, साहेब."

"चांगल्या शिवतात. माझ्या मेव्हण्याकडे आहे एक." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "उद्यापासून त्या बॅगा बारीक झाल्या, तर आतली गोष्ट बाहेर कुणी नेली हे मला कुणाला विचारावं लागणार नाही. एवढंच."

घरी जाताना ती सगळी वाट विचार करत होती. बापाच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. सकाळी सांगितलं तर दुपारी चहावाल्याला कळलं असतं आणि संध्याकाळी सगळ्या गावाला. शिवाय माप कळल्यावर तो चुकीच्या मापाची बॅग शिवूच शकला नसता. हात बांधले असते तरी दातांनी टाका उसवला असता. आणि नोकरी गेली तर? अशी गोष्ट आज ना उद्या आपोआप फुटेल, तिने स्वतःला समजावलं. लोकांना काय डोळे नाहीत? आपण कशाला तोंड उघडा.

पण डोळे असून लोकांनी चौकटीकडे बघितलंच नाही. लोखंड कुठे आकसतं का? त्यांनी बघितलं बॅगेकडे.

शुक्रवारी नर्स दुकानात आली ती बॅग पुढे धरूनच.

"मारू का तोंडावर?"

म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला. बॅग घेतली, खोक्यात सोडली. ती उतरली आणि सुस्कारा सोडून बसली.

"ही काय बसली."

"इथे बसते हो! तिथे नाही बसत."

"काय भरलं होतंत?"

"दोन कपड्यांचे जोड आणि डबा."

"बाई, बॅग म्हणजे काय सासरचा राग आहे? किती कोंबायचं त्याला काही माप?"

"मी कोंबलं नव्हतं!"

"मग फुगली कशी? बॅगेला काय दिवस गेले?"

दुकानात बसलेले दोघे-तिघे फसकन हसले. नर्सचं तोंड लाल झालं. तिने बॅग उचलली, "काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," म्हणाली आणि निघून गेली. बापाचा डबा घेऊन आलेली चौकटवाली दुकानाच्या कोपऱ्यात उभी होती. तिने डब्याची कडी उगाच काढली आणि पुन्हा लावली.

मग एक गवंडी आला. मग कॉलेजातली दोन पोरं. म्हाताऱ्याने सगळ्यांना खोक्यासमोर उभं केलं आणि सगळ्यांच्या हावरटपणाचा उद्धार केला. पण गिऱ्हाईक गेलं की तो खोक्यापाशी उकिडवा बसायचा आणि त्याच्या कडांवरून अंगठा फिरवायचा.

एका संध्याकाळी दुकान बंद करता करता त्याने विचारलं,

"चौकट बदलली का गं?"

ती जमिनीवरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करत होती. "रंग बदललाय."

"आणि चौकट?"

तिने एक तुकडा उचलला, बोटाला गुंडाळला, सोडवला.

"तीच आहे."

"मग झालं," म्हातारा एकदम मोकळा होऊन म्हणाला. "लोकच माजलेत. स्वस्तात उडायला मिळालं की माणूस घर उचलून निघतो." आणि त्या रात्री तो कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. ती नाही जेवली.

*

म्हाताऱ्याची थोरली बहीण समुद्रापलीकडे राहायची. पडून तिचा खुबा मोडला होता, आणि भावाला भेटून कित्येक वर्षं झाली होती. चौकटवालीने दोघांच्या हट्टांच्या मध्ये पडून, फोनवर दोन्हीकडच्या शिव्या खाऊन, बापाचं जायचं-यायचं तिकीट काढलं. म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होता. त्याने स्वतःसाठी एक नवी बॅग शिवायला घेतली: जाड कॅनव्हास, कडेला चामड्याची पट्टी, आतून अस्तर. स्वतःच्या लग्नातही त्याने एवढं मन लावलं नव्हतं.

"बाबा, साधी कापडी पिशवी न्या ना. हलकी पडेल."

"मी? पिशवी?" त्याने दोरा दाताने तोडला. "सोनाराने गळ्यात सुतळी घालून वरातीत नाचावं तसं दिसेल ते."

तिने मनाशी वेगळाच बेत केला होता. बाप निघणार होता त्या सोमवारी चौकटीवर दुसरीची पाळी होती; ती तिने मागून घेतली. बाप आला की बॅगेकडे नुसतं बघायचं, मान हलवायची आणि पुढे सोडायचं. तो परत आला की सगळं सांगायचं. तेवढे आठ दिवस निघाले की झालं.

म्हातारा आला तो न्हाव्याकडून मान साफ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. बॅग त्याने दोन्ही हातांत पुढे धरली होती. रांगेत ओळखीची तोंडं होती. गवंडी होता. थोडी पुढे नर्स होती. ती सोमवारची ठरलेलीच. तिच्या खांद्याला आता कारखान्याची चपटी बॅग होती. म्हाताऱ्याने ती बघितली आणि न बघितल्यासारखं केलं.

"पुढे व्हा, बाबा," चौकटवाली म्हणाली.

"पुढे? आणि बॅग?"

"बघितली. बसते."

"न घालताच?"

"बाबा, मागे रांग आहे."

"रांगेसाठीच म्हणतोय." तो वळला आणि आवाज चढवला. "बापाला वशिला नको! उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्याच्या बॅगा पोरीच्या कृपेने जातात. बघा रे, नीट बघा. भरलेली आहे. चार कपडे, स्वेटर, बहिणीची औषधं. आता बघा कशी जाते ती."

"बाबा, नको ना," ती पुटपुटली.

"घाला, काका, घाला!" गवंडी मागून ओरडला. रांगेत हशा पिकला. हसण्याचा आवाज ऐकून मिनिटसाहेब घड्याळावर बोट ठेवूनच आले.

"काय तमाशा आहे? दार लावायचंय."

म्हाताऱ्याने बॅग चौकटीत सोडली. ती गेली, अजून गेली, आणि थांबली.

त्याने तळहात टेकवून एकदाच दाबलं. दुसऱ्यांदा नाही, शिवलेल्या वस्तूवर जोर करायची त्याला सवय नव्हती. मग त्याने बॅग काढून खाली ठेवली, वाकला आणि रिकाम्या चौकटीत हात घालून वीत ताणली. अंगठा एका कडेला. करंगळी पुरती उघडायच्या आत दुसरी कड लागली. त्याने हात काढला नाही. वाकलेल्या बापाची न्हाव्याने साफ केलेली गोरी, कोवळी मान तेवढी तिला दिसत होती.

"काय झालं, आजोबा?" साहेबांनी विचारलं.

म्हातारा सरळ झाला. त्याने साहेबांकडे पाहिलं, मग पोरीकडे. आता हा ओरडणार, तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, त्याने ओरडावं असंही तिला वाटलं. जे व्हायचं ते एकदाचं होऊन जाईल.

"हात चुकला," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"हात चुकला माझा. वय झालं. दिसत नाही आता नीट."

रांगेतलं हसू विझलं. "म्हणजे काका, आमच्या बॅगा..." गवंड्याने विचारलं.

"सगळ्याच चुकल्या. ज्यांच्या अडल्या त्यांनी मला माफ करा." मग तो चार पावलं पुढे जाऊन नर्ससमोर उभा राहिला. "बाई, त्या दिवशी तुम्हाला नको ते बोललो. तुम्ही काही कोंबलं नव्हतंत."

"जाऊ द्या हो, काका," नर्स म्हणाली, आणि कुठे बघावं ते तिला कळेना.

"याला म्हणतात माणूस," साहेब खूश होऊन रांगेला म्हणाले. "चूक झाली तर कबूल करावी. चला, दंड घ्या यांचा आणि आटपा."

म्हाताऱ्याने आतल्या खिशातून नोटा काढल्या. पण चिल्लरच्या यंत्राला नोटा चालत नव्हत्या, कार्डच लागायचं, आणि कार्ड म्हाताऱ्याच्या सात पिढ्यांत कुणी बघितलं नव्हतं. चौकटवालीचा हात स्वतःच्या पर्सकडे गेला.

"कर्मचाऱ्याने प्रवाशाचा दंड भरायचा नसतो," साहेब घड्याळाकडे बघतच म्हणाले. "माहीत आहे ना?"

शेवटी नर्सने आपलं कार्ड यंत्राला लावलं. "परत आल्यावर द्या, काका." यंत्राने टिंग केलं. त्यातला वाटा कुणाच्या पगारात जाणार हे चौकटवालीला ठाऊक होतं. यंत्रात तिचाच नोकरीचा नंबर घातलेला होता.

ती बॅगेला चिठ्ठी लावायला वाकली. चामड्याच्या पट्टीवर चिठ्ठी चिकटेना. म्हातारा शेजारी उभा राहून बघत होता.

"सावकाश लावा," तो म्हणाला. परक्या माणसाला सांगावं तसं.

मग तो काचेच्या दारातून बाहेर पडला. विमानाच्या शिडीपाशी वाऱ्याने त्याचा शर्ट फुगला. त्याने तो खाली ओढला आणि इतरांच्या मागोमाग चढला. विमान वेळेवर सुटलं.

*

शुक्रवारपर्यंत तो रोज फोन करायचा. बहिणीचा पाय कसा आहे, तिथली हवा कशी आहे, शेजारचा कुत्रा कसा भुंकतो. चौकटीचं नाव नाही. दुकानाचं नाव नाही. तीही काढायची नाही. मग दोन दिवस फोन आला नाही; निघायच्या गडबडीत असतील, तिला वाटलं. समोरासमोर बोलू, तिने ठरवलं होतं. विमानतळापासून घरापर्यंत चालत जायचं. साहेबांनी काय धमकी दिली, आपण का घाबरलो, सगळं वाटेत सांगायचं. मग नोकरी जायची तर जाऊ दे. सुरुवात कशी करायची यावर ती अडायची, पुन्हा पहिल्यापासून जुळवायची.

पुढच्या सोमवारी विमान उतरलं तेव्हा ती काचेच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. माणसं बाहेर पडू लागली. कोट चढवलेल्या बायका, झोपलेली मुलं, फोनवर ओरडणारे पुरुष. मग वैमानिक येऊन आळस देऊन गेला. मग हवाई सेविकांनी हातात झाडू घेतले.

तिने आत्याला फोन लावला.

"तो?" आत्या म्हणाली. "अगं, तो तर परवाच निघाला. बसने."

"बसने?"

"बस, मग बोट, मग पुन्हा बस. उद्या-परवा पोचेल कुठेतरी हाडं खिळखिळी करून. मी म्हटलं, मेल्या, पोरीने तिकीट काढून ठेवलंय, ते काय पाण्यात घालायचं? तर म्हणे, विमानात काही मजा नाही, खिडकीतून नुसता कापूस दिसतो."

"अजून काय म्हणाले?"

"म्हणाला, ती कामावर असते. आपल्यामुळे तिची पंचाईत नको." आत्याचा आवाज चढला. "पण तुझं काय कौतुक गं त्याला! गल्लीतल्या एकालाही सोडलं नाही. माझ्या पोरीने कामात बापाचीसुद्धा गय केली नाही, म्हणे. दोन-दोनदा सांगायचा. ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"रडतेस की काय?"

"नाही, आत्या. इथे आवाज आहे खूप."

तिने फोन ठेवला तेव्हा मिनिटसाहेब आलेल्या विमानाचा कागद हातात घेऊन उभे होते. दारापाशी पुढच्या विमानाची रांग लागायला लागली होती.

"तिकडून एक जागा रिकामी आली," साहेब म्हणाले. "पैसे भरलेले, माणूस नाही. कोण हे?"

"एक म्हातारे गृहस्थ होते."

"लोकांना वेळेची किंमत नाही," साहेब म्हणाले. "पोचले असतील दार लागल्यावर."

"नाही, साहेब," ती म्हणाली आणि रांगेतली पहिली बॅग पुढे घेतली. "ते दोन दिवस आधी निघालेत."